कागद उडाला, हुकूम राहिला

विठ्ठलवाडी स्टेशनातून सकाळची लोकल सुटते आणि कल्याण येण्याच्या आत कुणीतरी मोबाइलवर मिक्सर घेऊन मोकळं झालेलं असतं, तेही हप्त्यांवर. खाते क्रमांक, आयएफएससी, एक ओटीपी, झालं. यात चेकबुक कुठंच दिसत नाही. पण जे घडलं ते चेक फाडणंच आहे. एक नव्हे, बारा महिन्यांचे बारा. चेकला मराठीत ‘धनादेश’ म्हणतात. बोलताना तो शब्द जड वाटतो खरा, पण अर्थाला अगदी नेमका आहे. चेक म्हणजे पैसा नव्हे, पैशाबद्दलचा हुकूम. ‘माझ्या खात्यातून अमक्याला इतके द्या.’ बाकी कागद, शाई, सही हा सगळा त्या हुकमाचा पोशाख.

या हुकमाची आपल्याकडची पणजी म्हणजे हुंडी. लांबच्या शहरी रक्कम पोचवायची तर वाटेत लुटारूंची भीती. म्हणून इथल्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याची हुंडी घ्यायची आणि तिथल्या त्याच्या आडत्याकडे ती वटवायची. पेशवाईत सरकारी मोठ्या रकमाही अशाच फिरत. सावकाराचा मोबदला ती हुंडणावळ. आज ‘चेक वटला’ म्हणताना आपण त्या जुन्या पेढीचीच भाषा बोलत असतो. दाखवताच पैसे मोजायचे ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मोजायचे ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत, ऐऱ्यागैऱ्याला नाही. ‘शहाजोग’ हा शब्द आज आपण नाक मुरडून वापरतो. हुंडीवर तो सरळ अर्थाने लिहिलेला असे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. (राजकारणातल्या खोक्यांशी याचा संबंध जोडू नये.)

खरी गंमत आहे ती बनावट रोखण्याच्या युक्तीत. हुंडीवर रक्कम एकदाच लिहून भागत नसे. हजार रुपये आकड्यात, मग अक्षरात, शिवाय ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असंही. एका शून्याची भर घालणाऱ्याला तीन ठिकाणी हात चालवावा लागे. वर पेढीवाला समोरच्या आडत्याला वेगळं पत्र धाडी: अमक्या तारखेची, इतक्या रकमेची हुंडी येते आहे, ती स्वीकारावी. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ आणलं. चेकचा तपशील बँकेला आधीच कळवून ठेवायचा, म्हणजे वटवताना ताळा पाहता येतो. नवीन म्हणून त्याचं कौतुक झालं. जुन्या सराफाला त्यात काहीच नवल वाटलं नसतं.

आणि तो सराफ विठ्ठलवाडीला अगदीच परका नाही. स्टेशनाला लागून उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सिंधमधलं शिकारपूर हे हुंडीच्या व्यापाराचं एक मोठं केंद्र. तिथल्या सराफांच्या हुंड्या मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत चालत, आणि मुंबईच्या बाजारात त्या सराफांना ‘मुलतानी’ म्हणत. छावणीत आलेला प्रत्येक सिंधी सराफ होता असं मुळीच नाही. पण शब्दावर पैसा फिरवणाऱ्या समाजाचा एक भाग इथं येऊन वसला, हे खरं.

इंग्रजी अमलात १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा आला आणि त्याने चेकला व्याख्या दिली. देशी भाषेतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना मात्र त्याने धक्का लावला नाही. नंतर चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे आकडे आले, म्हणजे यंत्राला वाचता येईल असा पत्ता. त्यातल्या नऊ आकडी एमआयसीआर कोडातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मग कागद फिरवायचाच कशाला, हा प्रश्न आला. २००२ च्या दुरुस्तीने चेकची इलेक्ट्रॉनिक प्रतिमाही कायद्याने चेक ठरली आणि एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत चेकऐवजी त्याचं चित्र पाठवण्याची पद्धत सुरू झाली.

अमेरिकेने दुसरी वाट धरून पाहिली. १९९८ मध्ये तिथल्या ट्रेझरी खात्याने डिजिटल सही केलेला चेक इंटरनेटवरून पाठवला. तो प्रकार रुजला नाही. टिकला तो साधा मार्ग: ग्राहकाने खाते क्रमांक आणि बँकेचा कोड द्यायचा, ‘वळते करून घ्या’ असं मान्य करायचं, आणि पैसे घेणाऱ्याच्या बँकेने ते फायलीत घालून क्लिअरिंग हाउसकडे पाठवायचं. तिथं ‘ई-चेक’ म्हणतात तो हाच.

आपल्याकडे त्याचा भाऊ म्हणजे नॅचचा, अर्थात राष्ट्रीय स्वयंचलित क्लिअरिंग हाउसचा, ई-मँडेट. लोकलमधल्या त्या मिक्सरचं पाहा. ग्राहकाने नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारच्या ओटीपीने संमती दिली, की विक्रेत्याची किंवा कर्ज देणाऱ्याची बँक ती राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे पाठवते. तिथून ती ग्राहकाच्या बँकेकडे जाते. बँकेने मान्य केला की हुकूम लागू. त्याला वीस अक्षरांचा एक क्रमांकही असतो. हुकमात कमाल रक्कम, किती दिवसांनी, कधीपासून आणि कधीपर्यंत, एवढं नोंदलेलं असतं. हप्त्याच्या तारखेला मागणी येते. खात्यात पैसे असले तर वळते होतात. नसले तर कारणासह परत.

म्हणजे सहीची जागा ओटीपीने घेतली. हे नीट कुणी सांगत नाही. सही करताना माणूस निदान कागद वाचायचा, किंवा वाचल्यासारखं तरी करायचा. सहा आकडे टाकताना आपण घड्याळ पाहतो. न वटणं मात्र कागदाबरोबर गेलं नाही. चेकसाठी १८८१ च्या त्याच कायद्यात कलम १३८ आहे, तसं इलेक्ट्रॉनिक वळत्या रकमेसाठी २००७ च्या देयक कायद्याचं कलम २५. खात्यात पैसे नसल्याने परत गेलेल्या हप्त्यालाही तीच शिक्षा: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा आज घरी जाताना एवढं करा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘मँडेट’ आणि यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ अशी यादी असते, ती उघडा. कर्जाच्या हप्त्याला हात लावू नका. पण कधीच सोडून दिलेल्या जिमचा हुकूम तिथं अजून चालू असेल, तर तो रद्द करा.