भाव पडतो तेव्हा पत्ता पडतो का?

२०२१ साली आपल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या मध्यंतरात घरांच्या किमतींचा विषय निघाला की हातातला चहा गार व्हायचा. कोणाचे घर वर्षभरात किती चढले, शेजारचे घर ऑक्शनला सी.व्ही.च्या किती वर गेले, हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे सांगितले जायचे. पुढे भाव उतरले आणि तोच विषय आवाज खाली आणून बोलायचा झाला. माउंट वेलिंग्टनच्या बाजूला तर अधिकच. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या स्टोनफील्ड्समध्ये ज्यांनी तेजीच्या शेवटच्या वर्षी घर घेतले, त्यांच्यापुढे हा विषय काढणेच अप्रशस्त वाटते.

या कुजबुजीत अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर येते : ‘एरिया उतरला.’ म्हणताना बोट असते ग्लेन इनेस आणि पॅनम्यूरच्या दिशेने, तिथल्या नव्या टाउनहाउसांकडे आणि सरकारी घरांकडे. आता भाव उतरणे ही एक गोष्ट आणि वस्ती उतरणे ही दुसरी. पहिलीचे कारण पैशात असते, दुसरीचे जमिनीवर. या दोहोंची गल्लत केली की दोष भलत्याच माणसाच्या डोक्यावर बसतो. हा फरक ज्या शहराच्या इतिहासात लख्ख दिसतो, ते शहर सुदैवाने आपल्या ओळखीचे आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईच्या कापसाकडे मोर्चा वळवला. पुढच्या चार वर्षांत नेहमीच्या व्यापाराखेरीज सुमारे आठ कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या ऐंशी कोटी रुपयांच्या घरातली रक्कम मुंबईत आली, असा अंदाज जुन्या लेखकांनी दिला आहे. एवढा पैसा ठेवायचा कुठे? कापसात मावेना, म्हणून तो कंपन्यांत गेला, आणि कंपन्यांत मावेना म्हणून जमिनीत. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि जमिनीच्या ८ कंपन्या होत्या. या आठांतली सर्वांत नावाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलच्या पायथ्यापासून कुलाब्याकडे जाणारा उथळ समुद्र भरून काढायचा आणि ती जमीन विकायची, असा तिचा बेत. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या पुढे गेला. समुद्र होता तिथेच होता. विकली जात होती ती त्यातून निघणाऱ्या जमिनीची कल्पना. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ निघाले ते १८६३ मध्ये, ऐन चढत्या काळात. आणखी तीन वर्षे थांबून त्यांनी ते लिहिले असते तर पुस्तकाचा सूर बदलला असता.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ ला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि घेणाऱ्याला शेअर नको होते. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बाँबेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला, आणि १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली. या तेजीचा सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले ते प्रेमचंद रायचंदही बुडाले. मात्र त्यांनी चांगल्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला आणि अजून वेळ दाखवतो. झळ फक्त शेटजींना लागली असे नाही. आपले डॉ. भाऊ दाजी लाड, ज्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती, तेही या लाटेत मोठी रक्कम गमावून बसले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती; १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. दर पाच माणसांत एक माणूस निघून गेला, तर घरांना भाडेकरू कुठून मिळणार?

एवढे होऊनही मलबार हिल उतरली नाही. किमती कोसळल्या, पण टेकडी उंचच राहिली, वारा तोच, समुद्र तोच. १८८० च्या दशकात गव्हर्नरसाहेबांनी आपला मुक्कामही मलबार पॉइंटला हलवला. हलवला कुठून? परळहून! खरी उतरलेली वस्ती ती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतला मानाचा पत्ता होता भायखळा, माझगाव, परळ. मोठाले बंगले, बागा, १८३३ चा भायखळा क्लब, आणि परळला खुद्द गव्हर्मेंट हाउस. मग १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली, तिच्यामागोमाग इतर आल्या, धुराडी उठली, चाळी उभ्या राहिल्या. गव्हर्नरच्या त्या रिकाम्या वाड्यात १८९९ मध्ये हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. यासाठी कुठलीही मंदी लागली नाही. उलट गिरण्यांची भरभराट होत होती, तेव्हाच परळचा साहेबी पत्ता गेला आणि गिरणगाव जन्माला आले. (त्यात आपले कोकणातले पूर्वज राहिले, तेव्हा ‘उतरली’ हा शब्द कोणाच्या बाजूने वापरतो आहोत, याचेही भान असलेले बरे.) १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्याच जमिनीवर आता काचेचे मनोरे उभे आहेत. पत्ता परत आला, गिरणीकामगार मात्र बदलापूर-विरारकडे गेला.

बॅक बेची गोष्ट तिथे संपली नाही. भराव पुढे तुकड्यातुकड्यांनी होत राहिला, १९२० च्या दशकात त्यावर घोटाळ्यांचे आरोप झाले, ते चव्हाट्यावर आणणाऱ्या खुर्शेद नरिमन यांचे नाव अखेर त्याच भरावाच्या टोकाला मिळाले : नरिमन पॉइंट. आपल्यापैकी जे १९९० च्या दशकात भारत सोडून इथे आले त्यांना आठवत असेल, की १९९५ च्या सुमारास याच नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांची भाडी जगात सर्वांत महाग म्हणून गाजत होती, आणि मलबार हिल, कफ परेडच्या फ्लॅटचे भाव ऐकून माणूस हसत सुटायचा. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या होत्या, आणि भाडेनियंत्रण कायदा व १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा यांच्यामुळे मोकळी जागा मिळत नव्हती. पुढे शेअरबाजार थंडावला, व्याजदर चढले, आणि शतकाच्या अखेरीपर्यंत दक्षिण मुंबईचे भाव जबर उतरले. तेव्हाही मलबार हिलला कोणी ‘उतरलेला एरिया’ म्हटले नाही.

आता ऑकलंडकडे येऊ. इथली पहिली मोठी तेजी उसन्या पैशाची होती. जुलियस व्होगेल यांनी १८७० मध्ये लंडनहून कर्ज काढून रेल्वे, रस्ते आणि वसाहतकार आणायची योजना मांडली. दहा वर्षांत एक कोटी पौंड, असा हिशेब होता. १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि कर्जाचा ओघ आटला. दक्षिण बेटावर लगेच मंदी आली. ऑकलंड मात्र १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जमिनीच्या सौद्यांत मग्न होते. मग तेही बसले. बँक ऑफ न्यूझीलंडच्या धुरीणांपैकी एक जेम्स विल्यमसन यांनी हिल्सबरोला १८७७ ते १८७९ या काळात बांधलेला ‘पाह होमस्टेड’ आपण पाहिला असेल. मॉन्टे सेसिलिया पार्कमध्ये २०१० पासून तिथे कलादालन आहे. विल्यमसन १८८८ मध्ये वारले तेव्हा त्यांचे व्यवहार पार विस्कटले होते आणि घर बँकेच्या ताब्यात गेले. माउंट ईडनच्या उतारावर टोलेजंग घर बांधणारे पिठाच्या गिरणीचे मालक जोसाया फर्थ १८८९ मध्ये दिवाळखोर झाले. शेवटी १८९४ मध्ये सरकारला वीस लाख पौंडांची हमी देऊन खुद्द बँकच वाचवावी लागली. १८८८ मध्ये देशात आले त्यांच्याहून गेले ते जास्त भरले. माणसे मेलबर्नच्या तेजीमागे निघाली होती. ती तेजीही दोन-तीन वर्षांत फुटली, हा निराळा विनोद.

या शहरातही पत्ता खरोखर उतरल्याचे उदाहरण आहे, आणि ते म्हणजे पॉन्सन्बी. विसाव्या शतकाच्या मध्याला सुखवस्तू मंडळी नव्या उपनगरांत गेली आणि तिथल्या जुन्या लाकडी घरांत पॅसिफिक बेटांवरून आलेली कामगार कुटुंबे राहू लागली; १९७० च्या दशकातल्या पहाटेच्या धाडींची दहशत त्यांनीच सोसली. आज तीच लाकडी घरे घ्यायला वीस लाख डॉलरही कमी पडतात. घर तेच, जमीन तीच, राहणारे बदलले.

आणि आपला माउंट वेलिंग्टन? माउंगारेई हा डोंगर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून झाला, आणि त्याच्या लाव्हाच्या दगडांत माओरी लोकांच्या बागा होत्या. विसाव्या शतकात त्या दगडाची खाण झाली. त्या खडीवर शहराचे रस्ते उभे आहेत. भोवती कारखाने, गोदामे आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची सरकारी घरे. १९५२ ते १९८९ पर्यंत इथे स्वतंत्र बरो होता, आणि ‘उच्चभ्रू’ हा शब्द त्याच्या जवळपासही कोणी नेला नसता. खाण बंद झाली, त्या खड्ड्यात स्टोनफील्ड्सची आखणी झाली, २०११ मध्ये शाळा उघडली, आणि तीन बाजूंनी दगडी कडे असलेली ती वस्ती जाहिरातींत ‘प्रीमियम’ झाली. म्हणजे आपला हा पत्ता चढलेलाच आहे, आणि तोही एका पिढीत.

भाव मात्र वेगळ्या दोरीने वर गेला. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मूळ दर ०.२५ टक्क्यावर आणला, काही महिने कर्जाच्या प्रमाणावरची बंधनेही काढून ठेवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑकलंडच्या घरांची मधली किंमत तेरा लाख डॉलरच्या घरात पोहोचली. मग महागाई भडकली आणि मे २०२३ पर्यंत तोच दर ५.५ टक्के झाला. तीस वर्षांच्या मुदतीचे दहा लाखांचे कर्ज अडीच टक्क्यांनी घेतले तर पंधरवड्याचा हप्ता सुमारे १,८२० डॉलर पडतो; सात टक्क्यांनी सुमारे ३,०७०. स्टोनफील्ड्स असो, रेम्युएरा असो की मानुरेवा, हा गुणाकार सगळीकडे सारखाच. शहराचे भाव शिखरापासून सुमारे पाचव्या हिश्श्याने खाली आले. एक उदाहरण घेऊ : पंधरा लाखांच्या घरात ज्याने तीन लाख डिपॉझिट घातले, त्याचे घर पाचव्या हिश्श्याने उतरले की ते तीन लाख कागदावरून पुसले गेले. त्या तीन लाखांत पुण्याचा किंवा डोंबिवलीचा फ्लॅट विकून आलेले पैसे असतील, तर घरात काय बोलणी होत असतील, हे सांगायला नको. शेजारच्या गल्लीत १९९८ मध्ये घर घेतलेल्याचे मात्र काहीच बिघडलेले नाही. एकाच वस्तीत दोन वेगळी जगे.

यात ग्लेन इनेसच्या टाउनहाउसांचा हात किती? २०१६ च्या युनिटरी प्लॅनने दाट बांधकामाला परवानगी दिली, त्यामुळे घरे वाढली आणि चढ थोडा आवरला, हे खरे. पण जिथे एकही सरकारी घर नाही अशा आळ्यांतही भाव उतरले. तामाकी रिजनरेशन कंपनी २०१२ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या कामाला सुरुवात झाल्यावरही २०२१ पर्यंत किमती चढतच होत्या. कारण आधी आले आणि परिणाम नऊ वर्षांनी, तोही व्याजदर चढले नेमके त्याच वर्षात, असे मानायला माणूस फारच भोळा हवा.

मला या ‘एरिया उतरला’चे वाईट वाटते ते आणखी एका कारणाने. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे इथे १९२६ च्या सुमारास व्हाइट न्यूझीलंड लीग नावाची संघटना निघाली. भारतीय आणि चिनी बागायतदारांना जमिनी खंडाने देऊ नका, हे तिचे मुख्य मागणे. ही माणसे आली की वस्तीचा दर्जा जातो, असे तिचे म्हणणे होते. त्यांतले भारतीय बहुतेक गुजराती आणि पंजाबी, आणि आज आपण वाणसामानाच्या दुकानात ज्यांच्याशी सहज बोलतो त्यांचे आजे-पणजे. तेव्हा कोणाच्या घराचा भाव उतरला असेल तर तो बटाट्याच्या आणि लोण्याच्या भावाने.

परदेशी गिऱ्हाइकांना २०१८ पासून घरखरेदी बंद होती. २०२५ मध्ये सरकारने गुंतवणूकदार व्हिसावाल्यांना पन्नास लाख डॉलरपुढच्या घरांसाठी दार किलकिले करायचे ठरवले. त्याने हर्न बेच्या किनाऱ्यावर काही हालेल, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी फारसे नाही. ऑगस्ट २०२४ पासून व्याजदर उतरू लागले, त्याने मात्र हप्ते हलके झाले.

ज्यांची नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, त्यांना एवढ्यावर भागत नाही. अशा कुटुंबांना २००३ च्या ग्राहक कर्ज कायद्याने बँकेकडे हप्त्याची रचना बदलून मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज लेखी करायचा, कारण द्यायचे, आणि काय बदल हवा ते सांगायचे. हप्ते थकत गेल्यावर तो हक्क आवळत जातो, म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आत केलेला बरा. आपल्या लोकांत हा अर्ज फार उशिरा होतो, कारण तोवर शेजाऱ्यांना कळू नये म्हणून क्रेडिट कार्डावर निभावलेले असते.