मुकादमाची वंशावळ

दिवाळी झाली की शाहूवाडी तालुक्यात बांबवडे, सरूडकडच्या ऊसपट्ट्यात बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. ऊस जातो कारखान्याला, पण तोडणाऱ्या जोडप्याचा व्यवहार असतो मुकादमाशी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याने दिलेली, हिशेब त्याच्या वहीत. ही उचल बऱ्याचदा वाहतूकदार कारखान्याकडून घेऊन मुकादमाला देतो. टोळी आलीच नाही तर हा वाहतूकदार, कोल्हापूरचा ट्रॅक्टरमालक, बुडतो, आणि टोळी मध्येच पळाली तर मुकादम अडकतो. कारखाना मात्र या साखळीत कुणाचाच मालक नसतो.

या मुकादमाचा पूर्वज मुंबईच्या गिरणीत सापडतो. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून माणसं निघाली. पश्चिमेला डोंगर, पावसाळ्यात भात-नाचणी आणि नंतर हाताला काम नाही, अशा शाहूवाडीसारख्या मुलखाला मुंबई जवळची वाटली. गिरणीत माणूस लावायचा आणि काढायचा तो जॉबर. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कामावर घेताना दस्तुरी घ्यायची, अडल्यावेळी व्याजाने पैसे द्यायचे आणि पुष्कळदा खोलीही त्यानेच बघून द्यायची. मालाला उठाव नसला की माणसं कमी करायची कटकट मालकाला नसे.

1928 च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि जॉबरशिवाय कामगार एकत्र येऊ शकतो हे दिसलं. 1931 मध्ये कामगारांच्या स्थितीवरच्या व्हिटली आयोगाने जॉबरच्या भरतीवर बोट ठेवलं. 1935 मध्ये मालकसंघाने बदली कामगारांची नोंदणी सुरू केली. जॉबर खात्यात राहिला, पण नोकरी देणं त्याच्या एकट्याच्या हातात उरलं नाही.

गोदीत आणि बाजारपेठांत मात्र टोळीवाला टिकून होता. पाटणकडच्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. त्यात माथाडी मंडळाकडे कामगाराचीही नोंद आणि मालकाचीही. मजुरी आणि वरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना. मधल्या माणसाची जागा कायद्याने मंडळाला दिली. सातारा-कोल्हापूरच्या अनेक कुटुंबांना याच कायद्याने मुंबईत पाय रोवू दिला.

उसाच्या फडात हे घडलं नाही. 1979 मध्ये स्थलांतरित कामगारांचा केंद्रीय कायदा आला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता. बीडहून शाहूवाडीला आलेला माणूस त्यात बसला नाही. संघटना झाल्या, संप झाले, लवाद बसले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, आणि त्याच वेळी मुकादमाचं कमिशनही वाढलं. अनेक संघटनांच्या नावातच कामगार आणि मुकादम शेजारी असतात. मुकादमही बहुधा कालचा तोडकरीच. त्यामुळे दरासाठी दोघे एकत्र लढतात, पण उचलीच्या वहीवर बोलायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहतो.

हा मधला माणूस फक्त आपल्याकडचा नाही. समाजवाद गेल्यावर पूर्व युरोपातही हाच गृहस्थ नव्या कपड्यांत आला. चेक प्रजासत्ताकात पार्दुबित्से इथल्या फॉक्सकॉन कारखान्यात परदेशी कामगार एजन्सीमार्फत येतात. राहण्याची सोय एजन्सी बघते आणि मागणी घटली की एजन्सीच त्यांना कमी करते. आपल्याकडे 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा गावी परतलेल्या आणि मुंबईतच राहिलेल्या गिरणीकामगारांच्या पुढच्या पिढीतले अनेकजणही सुरक्षारक्षक, हाऊसकीपिंग अशा ठेकेदारीच्या कामांत गेले.

या वंशावळीतून एकच निष्कर्ष निघतो. मुकादम वाईट माणूस असतो म्हणून टिकत नाही. मालकाला मालक व्हायचं नसतं म्हणून टिकतो. जिथे नोंद आणि पगार त्याच्या वहीतून बाहेर आले, तिथेच त्याची सत्ता गेली. माथाडी मंडळाचा नमुना याच राज्यात पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. उसाच्या फडासाठी तसंच मंडळ हवं, आणि त्यात मालक म्हणून कारखान्याचं नाव हवं.