वसईचे दगडी वाडे आणि पाचूबंदरची ओटी

वसई म्हटले की चिमाजी अप्पा, १७३९ चा वेढा, सुरुंग आणि चर्चमधून उतरवलेल्या घंटा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आजच्या थ्रेडचा प्रश्न मात्र घरगुती आहे. त्या भक्कम तटाच्या आत राहणारी माणसे उन्हाळ्यात सुखाने झोपत होती का?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे हे नगर त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले. पोर्तुगीज सरदार येथे गावे इनाम मिळवून स्थायिक झाले. बांधकामाला साहित्याचा तुटवडा नव्हता. मागच्या डोंगरांत साग होता आणि जवळपास उत्तम काळा दगड होता. त्या दगडाची ख्याती एवढी, की तो जहाजांनी गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चची भिंत जांभ्याची आहे, पण दर्शनी भागातील कोरीव काम वसईहून आणलेल्या दगडाचे आहे.

असे साहित्य हाताशी असलेल्या धनिकांनी कशी घरे बांधली असतील? १६७५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर वसईला आला. त्याने केलेले वर्णन थोडक्यात असे: दुमजली भव्य वाडे, आच्छादित सज्जे, मोठाल्या खिडक्या; आणि त्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने किंवा लाकडी जाळी.

शिंपल्यांच्या तावदानांपाशी जरा थांबले पाहिजे. एका विशिष्ट जातीच्या कालवाचे शिंपले पातळ, चपटे आणि अर्धपारदर्शक असते. कडा कापून त्याचे चौकोन पाडायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ओळीने बसवायचे. अशा खिडकीतून बाहेरचे काही दिसत नाही, पण उजेड आत येतो. तोही दुधाळ, मऊ आणि डोळ्यांना न खुपणारा. समुद्रकिनारी उजेडाचा तुटवडा कधीच नसतो. त्रास होतो तो पाणी आणि वाळूवरून उसळणाऱ्या तिरिपीचा. काच तो प्रखरपणा जसाच्या तसा आत आणते, शिंपले तो गाळून घेते. शिवाय एक फुटले तर तेवढेच बदलता येते. युरोपातून काच आणणे महाग होते हे खरे. पण ही केवळ गरिबीची तडजोड नव्हती. गोव्यातील काही जुन्या घरांत अशा खिडक्या आजही पाहायला मिळतात, आणि भर दुपारी त्या खोलीत बसलेल्या माणसाला त्यामागचे शहाणपण वेगळे सांगावे लागत नाही.

सज्जाचेही तेच. तो भिंतीवर सावली धरतो, म्हणून दगड तापत नाही. पावसात खिडकी उघडी ठेवता येते. म्हणजे वसईचे वाडे राहण्याजोगे झाले ते दगडामुळे कमी आणि दगडावर बाहेरून चढवलेल्या लाकूडकामामुळे जास्त.

तरीही ते पुरेसे नव्हते. फ्रायरनंतर वीस वर्षांनी, १६९५ मध्ये, जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी वसईत उतरला. त्याने एक मजेदार गोष्ट टिपून ठेवली आहे. शहरातील प्रतिष्ठित मंडळी कडक उन्हाळ्यात आपली घरे सोडून बाहेर जात. ती जात कसब्याकडच्या बागायतीत. तेथे मैलोगणती ताड-माड, आंबे आणि ऊस होता, यंत्राने पाणी उपसून बागा शिंपल्या जात, आणि त्या गारव्यात या लोकांनी आपली विश्रांतिगृहे बांधली होती. गारव्याइतकेच दुसरे कारण साथीच्या रोगाचे होते. उत्तर किनाऱ्यावरच्या शहरांत ‘काराझो’ नावाची प्राणघातक साथ वारंवार येई. दाट वस्तीचे, तटाने वेढलेले शहर त्या दिवसांत कुणालाच नको असे.

मग तटाच्या आत राहायचेच कशाला? उत्तर १६७४ मध्ये सापडते. त्या वर्षी मस्कतचे सुमारे सहाशे अरब चाचे वसईला उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली. शिबंदी तटावरून पाहत राहिली, असे सांगितले जाते. ज्या घराला भिंतीचे संरक्षण नाही, त्याला उत्तम वारा मिळतो आणि चाचेही मिळतात. श्रीमंतांना वर्षाचे काही महिने भिंत आणि काही महिने बाग अशी निवड करता येत होती. इतरांना नव्हती. रात्री किल्ल्यात मुक्काम करण्याची मुभा फक्त ख्रिस्ती रहिवाशांना होती. बाकीच्या व्यापाऱ्यांना अंधार पडताच बाहेर पडावे लागे, हेही फ्रायरच्याच काळातले.

आता तटाबाहेर यावे. किल्ल्याला लागूनच समुद्राच्या बाजूला पाचूबंदर आहे, कोळ्यांची वस्ती. या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे जुने घर साधे असे. कारवीचे कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप. वर झावळ्यांचे किंवा, ऐपत असेल तर, नळीच्या कौलांचे उतरते छप्पर. पुढे ओटी, आत माजघर, मागे चूल, डोक्यावर माळा. कुडाची भिंत पातळ असल्याने दिवसाची उष्णता साठवून ठेवत नाही, आणि समुद्रावरून वारा सुटला की घर लगेच निवते. दगडी भिंतीचे उलटे असते. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की ती रात्रभर ऊब सोडत राहते. शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागते. कौलांच्या फटींतून धूर आणि गरम हवा वर निघून जाते.

ओटी हा या घराचा खरा दिवाणखाना. जाळे विणायला भरपूर उजेड लागतो, पण ऊन चालत नाही. नेमकी तशी जागा छपराच्या पुढे आलेल्या पागोळीखाली मिळते. मासळी निवडणे, पाहुण्याला बसवणे, दुपारी आडवे होणे, सगळे तेथेच. म्हणून आतल्या खोल्या लहान असल्या तरी घर लहान वाटत नसे.

या घराचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. आगीची धास्ती कायम, चुलीच्या धुराने बायकांचे डोळे चुरचुरत, आणि दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी चुकत नसे. १६१८ च्या मे महिन्यात या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ आले, त्याने वसईतील चर्चांची छप्परे उडवली आणि समुद्र शहरात घुसवला. तेथे कुडाच्या झोपडीचा काय पाड! फरक एवढाच की दगडी वास्तू उभी करायला वर्षे लागतात. कारवी, बांबू आणि झावळ्यांचे घर शेजारपाजाऱ्यांच्या मदतीने अल्पावधीत परत उभे राहते.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला आणि यंत्राची चपटी कौले हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर पसरली. शाकारणीचा त्रास कमी झाला, घराची मांडणी मात्र तीच राहिली. ती मोडली सिमेंटच्या स्लॅबने. स्लॅब आग आणि पाऊस दोन्ही अडवतो, वर मजला चढवू देतो. दाटीच्या कोळीवाड्यात वाढत्या कुटुंबाला हे टाळणे शक्यच नव्हते. पण सपाट स्लॅब दिवसभर तापून रात्री खाली आग ओततो, आणि खारी हवा त्यातील लोखंडी सळ्यांना गंज चढवते. ओटीची जागा खोलीत घेतली गेली की जाळे रस्त्यावर येते.

आजही घर बांधताना किंवा नव्याने सजवताना या किनाऱ्यावर आधी पाहायचे ते हेच: पश्चिमेच्या उन्हावर सावली आहे का, वारा एका बाजूने आत आल्यावर दुसरीकडून बाहेर पडतो का, आणि दारापुढे बसायला चार हात झाकलेली जागा उरते का. रंग आणि पडदे नंतरचे.

किल्ल्यात गेल्यावर याचा पडताळा घेता येतो. कमानी आणि भिंती उभ्या आहेत, कारण त्या दगडाच्या आहेत. तुळया, सज्जे, जाळ्या आणि शिंपल्यांची तावदाने नाहीत. म्हणून एकेकाळचे ते वाडे आज कारागृहासारखे कोंदट आणि रुक्ष वाटतात. वरच्या मजल्याच्या रिकाम्या खिडक्यांतून दिसते ते फक्त आकाश. पलीकडे पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत असतात.