नावे जळाली, आकडे उरले : आयर्लंडमधील पूर्वजांचा शोध

१ जानेवारी १९०९ रोजी ब्रिटिश सरकारने वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या गरीब माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळणार होते. आयर्लंडमधील खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. अडचण वेगळीच होती. वय सिद्ध कसे करायचे? त्या देशात सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनच होऊ लागली होती आणि ७० वर्षांचा अर्जदार जन्मला होता १८३९ मध्ये किंवा त्याही आधी.

मग वयाचा अंदाज आठवणींवरून घेतला जाऊ लागला. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर एक प्रचंड वादळ कोसळले होते. ती रात्र ज्याला आठवते तो सत्तरी ओलांडलेला, हे उघड होते. साहजिकच ते वादळ ‘आठवणाऱ्यां’ची संख्या वाढत गेली. ‘पानशेत फुटले त्या वर्षीचा जन्म’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झाले’ असे सांगणारी वडीलधारी माणसे महाराष्ट्रातही घरोघरी आहेत, त्यामुळे ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये.

दुसरा मार्ग कागदाचा होता. १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची घरोघरची पत्रके डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात जपलेली होती. अर्जदार आईवडिलांची नावे आणि गाव कळवी, मग तेथील कारकून जुन्या पत्रकांत ते कुटुंब शोधून त्या मुलाचे तेव्हाचे वय एका छापील अर्जावर उतरवून देई.

ही पत्रके केवळ वय काढण्यापुरती नव्हती. घरात हजर असलेल्यांची नावे त्यांत होतीच. शिवाय घराबाहेर असलेल्यांसाठी एक तक्ता होता आणि मागील जनगणनेनंतर त्या घरात मरण पावलेल्यांसाठी आणखी एक. आता १८४१ आणि १८५१ यांच्या मधली वर्षे आठवावीत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळ आला. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६६ लाखांवर आली. सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या मृतांपैकी ज्यांच्या घरात मागे कोणी उरले होते, त्यांची नावे १८५१ च्या पत्रकांत लिहिली गेली होती.

ती पत्रके आज नाहीत.

१९२२ मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा तह मान्य असणारे आणि नसणारे यांच्यात यादवी पेटली. तहविरोधकांनी एप्रिलमध्ये डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्‌स’ हा न्यायालयांचा परिसर ताब्यात घेतला. दफ्तरखाना त्याच आवारात होता आणि तेथे दारूगोळाही साठवला गेला. २८ जूनला नव्या सरकारच्या फौजेने तोफा डागण्यास सुरुवात केली. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे सात शतकांचे दफ्तर भस्मसात झाले. अर्धवट जळालेले कागद शहरावर तरंगत राहिले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे मोजके तुकडे सोडले, तर काही उरले नाही.

पुढच्या चार जनगणनांचे काय झाले? तो दोष यादवीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रके आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. आकडे छापून झाले म्हणजे कागदाचे काम संपले, अशी ही समजूत. त्यामुळे आज पूर्ण स्वरूपात हाती असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. ती आणि १९११ ची, दोन्ही आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात.

१९०१ च्या मागे जायचे तर चर्चच्या वह्यांकडे वळावे लागते, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण उलटफेर केलेला दिसतो. अँग्लिकन ‘चर्च ऑफ आयर्लंड’ १८७१ पर्यंत राजमान्य होते. म्हणून १८७६ च्या कायद्याने त्याच्या जुन्या वह्या सरकारी दस्तऐवज ठरल्या. जेथे त्या सुरक्षित ठेवण्याची सोय नव्हती, तेथून त्या डब्लिनला गेल्या आणि तेथेच जळाल्या. बहुसंख्य प्रजेच्या कॅथलिक चर्चला असा राजमान्य दर्जा नव्हता. त्याच्या वह्या कोणी मागितल्याच नाहीत. त्या गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटांत ओल सोसत पडून राहिल्या, आणि म्हणून वाचल्या. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली.

काही अँग्लिकन वह्याही गावातच राहिल्या होत्या. ऑफली परगण्यातील मनीगॉल गावच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा फॅल्मथ कर्नी १८५० मध्ये अमेरिकेला गेला. बराक ओबामा त्याच्या वंशातले, हे २००७ मध्ये स्थानिक पाद्र्याला अशाच वह्यांतून पडताळता आले. त्या डब्लिनला गेल्या असत्या, तर २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताला ते गाव कदाचित सजलेच नसते.

कॅथलिक वह्या वाचणे मात्र सोपे नाही. नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात: जेम्स ‘जेकोबस’ होतो, विल्यम ‘गुलिएल्मस’. ‘ओ’ हा उपसर्ग कधी आडनावाला चिकटतो, कधी गळतो. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाची चार मुले सापडतात. तेव्हा कामी येते ते आईचे माहेरचे आडनाव. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते सहसा असते, आणि त्यासोबत धर्ममातापित्यांची नावेही. ते बहुतेक वेळा मामा, आत्या असे जवळचेच असत, म्हणजे एका ओळीत दोन घराण्यांचा धागा मिळतो. मात्र पश्चिमेकडील गरीब पॅरिशांत वह्याच १८२० नंतर किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. त्याआधीचा कुळवाडी कागदावर क्वचितच भेटतो.

सरकारी पत्रकेही भोळेपणाने वाचू नयेत. १९०१ मध्ये ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ वर्षांचा झालेला आढळला, तर गोंधळून जाऊ नये. मध्ये पेन्शन आली होती. १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रियांना किती मुले जन्मली आणि किती हयात आहेत, असे विचारले होते. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते, तरी अनेकींच्या पत्रकांवर ते भरलेले दिसतात. अधिकाऱ्यांनी नंतर ते आकडे खोडले. खोडलेल्या रेघेखाली ते आजही वाचता येतात.

आणि पेन्शनसाठी कारकुनांनी भरलेले ते शोध-अर्ज? मूळ पत्रके जळाली तरी हे अर्ज टिकले. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुणा म्हाताऱ्याला ५ शिलिंग मिळावेत म्हणून उतरवलेली आईबापांची नावे, गाव, तेव्हाचे वय, एवढाच मजकूर. अनेक कुटुंबांपुरती दुष्काळाच्या अलीकडची-पलीकडची जनगणना आता तेवढ्याच ओळींत उरली आहे. काही अर्जांवर शोधूनही कुटुंब सापडले नसल्याचा शेरा आहे. आईबापांची नावे आणि गावाचे नाव त्यांवरही आहे, अर्जदाराने स्वतः सांगितलेले.