वेतोरे-56 चा गोतावळा

वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या काजूच्या जातींचा तक्ता कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांत छापलेला असतो. मालवण तालुक्यात कट्ट्याच्या आसपास ज्यांच्या बागा आहेत, त्यांची नजर त्यात आधी बीच्या वजनावर जाते आणि मग गराच्या टक्क्यांवर. ते साहजिकच आहे. पण त्याच तक्त्यात जातीचे आई-बाप सांगणाराही एक रकाना असतो. या भागातल्या बागांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास त्या रकान्यातून बऱ्यापैकी उभा करता येतो.

आधी सनावळ्या. केंद्राची स्थापना 1957 ची, म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठापेक्षा ते पंधरा वर्षांनी जुनं. सिंधुदुर्ग जिल्हा तर 1981 च्या महाराष्ट्रदिनी अस्तित्वात आला. त्याआधीच्या कागदांवर वेंगुर्लं आणि मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच सापडणार. पहिली जात वेंगुर्ला-1, साल 1974. हा संकर नव्हे, आणसूरच्या झाडातून केलेली निवड. 1979 ची वेंगुर्ला-2 हीसुद्धा निवडच, मूळ पश्चिम बंगालकडच्या बुटक्या काजूतलं. खरे संकर 1981 पासून सुरू होतात.

वेंगुर्ला-3 ची आई आणसूर अर्ली, बाप वेतोरे-56. वेंगुर्ला-4 ची आई मिदनापूर रेड, बाप पुन्हा वेतोरे-56. वेंगुर्ला-5 (1984) मध्ये आणसूर अर्लीचा जोडीदार मैसूर-कोटेकरचा. वेंगुर्ला-6 (1991) मध्ये वेतोरे-56 आईच्या जागी आणि बाप आणसूर-1. संकर लिहिताना आईचं नाव आधी येतं, म्हणून हा फरक कागदावर कळतो. पुढची दोन नावं अधिक बोलकी आहेत. वेंगुर्ला-7 (1997) ही वेंगुर्ला-3 ची लेक, वेंगुर्ला-8 (2001) ही वेंगुर्ला-4 ची, आणि दोघींचा बाप तमिळनाडूतल्या वृद्धाचलमचा एम-10/4. म्हणजे वेतोरे-56 या दोघींचा आईकडून आजोबा लागतो. वेंगुर्ला-3 ते वेंगुर्ला-8 या सहा संकरांपैकी पाचांत त्या एकाच झाडाचं रक्त आहे. तक्ता हे कुठे सांगत नाही. नावं एकाखाली एक मांडली की दिसतं.

वेतोरे आणि आणसूर ही वेंगुर्ला तालुक्यातली गावं. जातीच्या नावात गाव राहिलं, झाडाचा क्रमांक राहिला. ज्याच्या परड्यात ते झाड होतं, तो मात्र नावात आला नाही.

आणखी एक गोष्ट सालावरून काढता येते. काजूच्या मोहोरात नरफुलं पुष्कळ, द्विलिंगी फुलं थोडी. द्विलिंगी फूल उमलण्याआधी त्यातला मोठा पुंकेसर काढायचा, दुसऱ्या झाडाच्या नरफुलाचा पराग लावायचा, मोहोर झाकायचा. त्यातून बी धरली तर ती रुजवायची. रोप फळावर येईपर्यंत तीनेक वर्षं, मग उत्पन्न पारखायला कित्येक हंगाम. तेव्हा 1981 ला बाहेर आलेल्या जातींचं परागीकरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किंवा त्याहीआधी झालं असणार, असं मानायला हरकत नाही.

त्याच 1981 साली केंद्राने आंब्याचाही संकर दिला: नीलम आणि हापूस यांची रत्ना. दरवर्षी धरणारी, साका नसलेली. 1992 मध्ये रत्ना आणि हापूस यांच्यापासून सिंधू आली, तिची कोय नावापुरती. गुणांत उणं काढावं असं फारसं नाही. तरी हापूस जागचा हलला नाही, आणि संकरित काजूने मात्र बागा व्यापल्या. माझ्या मते कारण झाडात नाही, बाजारात आहे. आंबा नावावर विकला जातो, काजू बी वजनावर. वेंगुर्ला-1 ची बी 6.2 ग्रॅमची, वेंगुर्ला-4 ची 7.7, वेंगुर्ला-7 ची 10 ग्रॅमची आणि गर तीस टक्क्यांवर. तराजूला जातीचं कूळ विचारावं लागत नाही.

बाजारावर तगलेल्या आणि बाजारासोबत गेलेल्या संकरांचा दाखला बाहेरही आहे. लंडनमधल्या चेल्सीच्या व्हिच रोपवाटिकेने एकोणिसाव्या शतकात थॉमस लॉब या संग्राहकाकडून जावा-मलायाकडचे उष्णकटिबंधातले ऱ्होडोडेंड्रॉन मिळवले. पांढरा जॅस्मिनिफ्लोरम आणि नारिंगी जाव्हानिकम यांच्यापासून गुलाबी 'प्रिन्सेस रॉयल' झाला. त्याचा पुन्हा जॅस्मिनिफ्लोरमशी संकर करून 'प्रिन्सेस अलेक्झांड्रा'. सात-आठ मूळ जातींतून पाचशेच्या घरात संकर निघाले. जॉर्ज हेन्स्लो यांनी 1891 मध्ये त्यांची वंशावळ छापली. पुढे धनिकांची काचगृहं बंद पडली, 1914 मध्ये चेल्सीची रोपवाटिकाही मिटली, आणि आज त्यातले मोजकेच जिवंत आहेत. कुळी कागदावर उरल्या, झाडं गेली.

आपल्याकडे उलटा धोका आहे: झाडं आहेत, कागद नाही. 1990 मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि कातळाशेजारच्या वरकस जमिनी काजूखाली आल्या. त्या पहिल्या लाटेतली कलमं मागच्या तक्त्याशी ताडून पाहा. 1992 ला लावलेली बाग कुणी 'सात नंबर' म्हणून सांगत असेल, तर ते जुळत नाही. वेंगुर्ला-7 तेव्हा प्रसारितच झालेली नव्हती. बहुधा ती चार असेल किंवा मधे सांधलेली दुसरीच कुठली कलमं.

कट्टा-मालवणच्या बागायतदारांना म्हणून एवढंच सांगणं आहे. कलमं घेताना जातीचं नाव आणि साल लिहिलेली पावती मागा, बागेचा साधा नकाशा काढून कुठली रांग कुठल्या जातीची ते त्यावर लिहा, आणि दोन्ही कागद जमिनीच्या कागदांसोबत ठेवा. परड्यातला जुना रायवळ काजू तोडण्याआधी त्याच्या बीचं वजन तरी करून पाहा. वेतोरे-56 हेही कुणाच्या तरी जमिनीत उगवलेलं असंच एक झाड होतं.