नरबळी

देवाला, मृत राजाला किंवा जमिनीला माणसाचा जीव वाहण्याची प्रथा. मेसोपोटेमियातील उर येथे लिओनार्ड वुली यांना एकाच खड्ड्यात ७४ सांगाडे सापडले. त्यांतले ६८ स्त्रियांचे, अंगावर दागिने तसेच. चीनमध्ये आन्यांगच्या शांग राजांच्या कबरींतही सोबत मारलेली माणसे आहेत. रोमच्या सिनेटने इ.स.पू. ९७ मध्ये या प्रथेवर बंदी घातली.

महाराष्ट्रात एवढा ठसठशीत पुरावा नाही. इनामगावच्या (जि. पुणे) ताम्रपाषाणयुगीन घरांत जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली मुले सापडली, प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले दिसले, पण हा दफनविधी, बळी नव्हे. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेत दिलेल्या गाई आहेत, पुरुषमेध नाही. शतपथ ब्राह्मणातही पुरुषमेधाचे पुरुष शेवटी सोडून दिले जातात.

मराठी मुलखातला नरबळी भेटतो तो मुख्यतः कथांत, आणि बहुधा खणण्याच्या कामाशी जोडलेला. तळ्याला पाणी लागत नाही, बुरूज टिकत नाही, मग जमीन जीव मागते. पुरंदरच्या शेंद्र्या बुरुजाची कथा यांत सर्वांत प्रसिद्ध. बांधकाम पुन:पुन्हा ढासळू लागले, तेव्हा बेदरच्या बादशहाला दृष्टान्त झाला की पायात थोरला मुलगा आणि सून गाडावी. येसाजी नाईक चिवे याने बहिरनाक सोननाकाचा मुलगा नाथनाक व सून देवकाई यांना हजर केले. दोघांना जिवंत चिणले, बुरूज उभा राहिला. येसाजीला किल्ला मिळाला, बहिरनाकाला दोन गावे. ‘नाक’ लावलेली ही नावे महार समाजातली. स्वप्न बादशहाला पडते आणि लेकरू जाते ते गावकुसाबाहेरचे. कथेचा ऐतिहासिक आधार कच्चा असला तरी तिच्यातली ही व्यवस्था खरी आहे.

विधींत मात्र जिवाच्या जागी वस्तू दिसतात. नवरात्रात कोहळा कापतात. भूमिपूजन नारळाने होते. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुपुरुषाची प्रतिमा शेवाळ, फुले आणि पंचरत्नांसह पालथी पुरतात. या प्रतिमेला नरबळीचा अवशेष मानण्याचा मोह होतो, पण तिच्यामागची पुराणकथा वेगळी आहे: तीत देव एका महाकाय भूताला पालथे पाडून त्याच्यावर बसतात.

विसाव्या शतकातली घटना मात्र कथा नाही. मानवत (जि. परभणी) येथे १९७२ ते १९७४ या काळात खुनांची मालिका घडली. तिथल्या एका वाड्यातल्या पिंपळावरचा मुंजा संतुष्ट झाला की गुप्तधन मिळेल आणि मूल होईल, ही त्यामागची समजूत. तपास मुंबई पोलिसांचे रमाकांत कुलकर्णी यांनी केला.

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याच्या अधिकृत नावातच ‘नरबळी’ आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. खुनाची कलमे वेगळी. गुप्तधन आणि पाण्याचा साठा शोधण्यासाठी केलेली अघोरी कृत्ये अनुसूचीत स्पष्ट नमूद आहेत. बळी देण्याचा नुसता सल्ला देणे हाही तिच्यात गुन्हा आहे.