रिओहा: अन्नछत्रापासून टायटॅनियमच्या हॉटेलापर्यंत

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच, बोललो तसा लिहून काढलाय.

आज जायचंय उत्तर स्पेनमध्ये. प्रदेशाचं नाव रिओहा. आधी उच्चाराचं मिटवून टाकू. स्पॅनिशमध्ये 'जे' हे अक्षर घशातून काढलेल्या 'ह'सारखं वाचतात आणि 'एच' हे अक्षर मुकं. त्यामुळे स्पेलिंग बघून आपण ज्याला 'रिओजा' म्हणतो ते रिओहा, आणि तिथलं वाइनचं मुख्य गाव नकाशावर 'हारो' दिसत असलं तरी बोलताना 'आरो'. मी तेच वापरणार.

रिओहाचे रील्स बघितलेत तर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, द्राक्षमळ्यांच्या मधोमध जांभळ्या-सोनेरी पत्र्याच्या लाटा असलेलं हॉटेल. दुसरी, रात्री गल्लीत उभ्याने खाणारी-पिणारी तुडुंब गर्दी. मला प्रश्न पडला तो वेगळाच. ला रिओहा या प्रांताची लोकसंख्या जेमतेम सव्वातीन लाख. समुद्र नाही, मोठं महानगर नाही. मग इतकं चांगलं राहणं-खाणं इथे आलं कुठून? मी बीटेकवाला माणूस, इतिहास माझा विषय नाही. पण एखादी सिस्टिम अशी का चालते हे शोधायला जुने लॉग उघडावे लागतात, एवढं नोकरीने शिकवलंय. ते उघडल्यावर दिसतं की हा मुलूख कायम कुणाच्या तरी वाटेवर होता.

पहिले वाटसरू म्हणजे यात्रेकरू. सांतियागोला पायी जाणारी जी प्रसिद्ध वाट आहे, कामिनो, ती रिओहातून जाते. अकराव्या शतकात दोमिंगो नावाचा एक माणूस होता. मठात घेतलं नाही म्हणून तो ओहा नदीकाठी एकटाच राहिला, अशी परंपरा सांगते. त्याने जंगल तोडून फरसबंद रस्ता केला, नदीवर पूल बांधला आणि यात्रेकरूंसाठी आसरा उभा केला. ११०९ मध्ये तो वारला. त्याच्याभोवती वाढलेल्या गावाचं नाव सांतो दोमिंगो दे ला काल्सादा, म्हणजे रस्त्यावाला संत दोमिंगो. रस्ते बांधणारा माणूस संत झाला, हे मला सिव्हिलच्या मित्रांना मुद्दाम सांगायचंय!

त्या आसऱ्याला तेव्हा 'ओस्पिताल' म्हणत. इथे थोडं थांबू या. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेत, आणि त्या मुळाचा अर्थ पाहुणा. तेव्हा ओस्पिताल म्हणजे फक्त दवाखाना नव्हे. धर्मशाळा, अन्नछत्र आणि दवाखाना, सगळं एकाच छपराखाली. थकलेल्याला पडायला जागा आणि पोटाला गरम काहीतरी. पैसे कोण मागतंय?

आज त्याच इमारतीत पारादोर आहे. पारादोर ही स्पेन सरकारच्या मालकीची हॉटेलांची साखळी, १९२८ मध्ये सुरू झालेली. जुने किल्ले, मठ, वाडे यांची हॉटेलं करायची ही तिची खासियत. दगडी कमानींखाली सोफे टाकलेत, आणि जिथे यात्रेकरू फुकट जेवायचे तिथे आता बिल येतं. मला यात फार वाईट वाटत नाही, कारण ही इमारत पडून राहिली असती तर नुसते दगड उरले असते. आणि पायी येणाऱ्यांसाठी गावात आजही वेगळी, स्वस्त यात्री-निवासं आहेत. पाठीवर सॅक असेल तर तिकडे जा, सुटकेस असेल तर इकडे.

याच गावच्या कॅथेड्रलमध्ये कोंबडा आणि कोंबडी पाळलेत. जिवंत! आख्यायिका अशी: एका तरुण यात्रेकरूला चोरीच्या खोट्या आळाखाली फाशी दिलं, पण तो मेलाच नाही. आईवडील न्यायाधीशाकडे धावले. तो जेवायला बसला होता. म्हणाला, तुमचा मुलगा या ताटातल्या भाजलेल्या कोंबडीइतकाच जिवंत आहे. झालं, ताटातली कोंबडी उठून ओरडायला लागली. जेवणाच्या ताटावरून न्याय झाल्याची दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

आता वाइनकडे. सतराव्या शतकात ही मंडळी वाइनला किती जपत होती बघा. १६३५ मध्ये लोग्रोन्यो शहरात, म्हणजे आजच्या राजधानीत, तळघरांलगतच्या रस्त्यांवरून गाड्या न्यायला बंदी घातली. का, तर चाकांच्या हादऱ्यांनी वाइन बिघडेल. लाग्वार्दिआ नावाच्या टेकडीवरच्या गावाखाली आजही तळघरांचं जाळं आहे आणि जुन्या गावात मोटारींना मज्जाव आहे.

पण ही वाइन टिकायची नाही. कातडी पखालींत भरून खेचरांवर लादायची आणि लवकर संपवायची. अठराव्या शतकाच्या शेवटी मान्वेल किंतानो नावाच्या धर्मगुरूने फ्रान्समधल्या बोर्दोची पद्धत आणून ओकच्या पिंपांत वाइन मुरवली. ती समुद्रापार क्युबापर्यंत टिकली. पण इथे नियम असा, की सगळ्यांच्या वाइनला एकच भाव. बाकीच्या बागायतदारांना तो बदलायचा नव्हता. पिंपांचा खर्च निघणार कसा? प्रयोग तिथेच थांबला. टेक्नॉलॉजी तयार होती, बाजाराने पाय ओढले.

पुढची कलाटणी एका किड्याने दिली. फिलॉक्सेरा. मिलिमीटरभर लांबीचा, मुळांचा रस शोषणारा. अमेरिकन वेलींबरोबर तो १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पोहोचला आणि बागाच्या बागा वाळवत गेला. १८७५ मध्ये फ्रान्सने सुमारे ८४० कोटी लिटर वाइन केली होती, १८८९ मध्ये ती २३० कोटींच्या आसपास आली. फ्रेंच व्यापाऱ्यांना वाइन हवी होती, कुठूनही. डोंगरापलीकडे रिओहा होतं, आणि १८६३ पासून आरो गावातून बिल्बाओ बंदराला जोडणारी रेल्वे धावत होती.

मग काय! आरोच्या स्टेशनला चिकटून तळघरं उभी राहिली. लोपेझ दे एरेदिया १८७७, कूने १८७९, ला रिओहा आल्ता १८९०. पिंप तळघरातून निघालं की मालगाडीच्या डब्यात. स्टेशनपाड्यात फिरताना हे लगेच कळतं, कारण शंभरी ओलांडलेल्या इतक्या वायनऱ्या एकमेकींच्या शेजारी आहेत की टॅक्सी लागतच नाही. कूनेचं एक तळघर आयफेलच्या कार्यालयाने आखलेलं, मध्ये एकही खांब नाही. लोपेझ दे एरेदियाच्या तळघरात कोळ्यांची जाळी मुद्दाम ठेवतात, कारण बुचांवर येणारे पतंग कोळी खातात. हा माझा सगळ्यात आवडता पेस्ट कंट्रोल. १८९० मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे आले, तेव्हा स्पेनमधल्या कितीतरी मोठ्या शहरांत ते नव्हते.

पण ही सगळी भरभराट शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीवर होती. फ्रेंचांना औषध सापडलं: अमेरिकन खुंटावर युरोपी वेलीचं कलम. (आपल्याकडे नाशिक-सांगलीत द्राक्ष लावणाऱ्या कुणालाही 'डॉगरिज' विचारा. तोही अमेरिकन खुंटच, फक्त आपल्याकडे कारण किडा नसून पाण्याचा ताण आणि क्षार.) फ्रेंच बागा सावरल्या. १८८२ च्या करारातली जकातीची सवलत १८९२ ला गेली, गिऱ्हाईक आटलं. आणि शतक संपता संपता तोच किडा रिओहात हजर. शेतकऱ्यांना बागा उपटून कलमांवर नव्याने लावाव्या लागल्या, आणि ज्यांना ते परवडलं नाही ते गाव सोडून गेले. वायनऱ्यांच्या ब्रोशरमध्ये फ्रेंच व्यापारी भरपूर भेटतात, ही माणसं मात्र क्वचितच.

आता मुक्कामाचं. आरोत जुन्या ऑगस्टिनियन मठाचं हॉटेल आहे. १३७३ चा मठ, मधल्या काळात लष्करी दवाखाना आणि तुरुंगसुद्धा. आतल्या चौकाच्या खांबांवर कैद्यांनी कोरलेल्या खुणा आहेत, कॉफी पिता पिता बघा. जवळच 'तेरेते', १८७७ पासूनचं जेवणघर. लांब लाकडी टेबलं, अनोळखी लोकांशेजारी बसायचं, आणि लाकडाच्या भट्टीत भाजलेलं कोवळं कोकरू.

रीलमधलं ते चमकदार हॉटेल एल्सिएगो गावात, मार्केस दे रिस्काल या १८५८ च्या वायनरीच्या आवारात. फ्रँक गेरीने आखलं, २००६ मध्ये उघडलं. टायटॅनियमचे रंग बाटलीवरून: गुलाबी म्हणजे वाइन, सोनेरी म्हणजे बाटलीभोवतीची जाळी, चंदेरी म्हणजे बुचावरचं वेष्टन. माझं मत विचाराल तर बाहेरून मनसोक्त बघा आणि त्या पैशांत आरोत तीन रात्री राहा. ते हॉटेल सुंदर आहेच, पण त्याच्या खिडकीतून तेच हॉटेल दिसत नाही ना!

खाण्यासाठी लोग्रोन्योची लाउरेल गल्ली. प्रत्येक बारची एखादीच खासियत. एका ठिकाणी लसणाच्या तेलात परतलेले मशरूम एकावर एक रचून पावावर टोचून देतात. एक खायचं, एक छोटा ग्लास, पुढचं दार. शाकाहारी मंडळींनो, त्या मशरूमच्या टोकावर कोळंबी असते, आधी सांगा. 'पाताताज आ ला रिओहाना' म्हणजे बटाट्याचा रस्सा, पण त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज. राजम्याच्या भावासारखे 'कापारोनेस' नावाचे लाल दाणेही बहुधा त्याच्याबरोबरच शिजतात. मिश्र भाज्यांच्या 'मेनेस्त्रा'तसुद्धा हॅमचे तुकडे निघतात. 'सिन हामोन' एवढे दोन शब्द पाठ करा, म्हणजे 'हॅम नको'. मांस खाणाऱ्यांनी वेलींच्या वाळक्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चॉप्स चुकवू नयेत. छाटणीतला कचरा, आणि त्याच्या धुराला असा वास! दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. सात वाजता भूक लागली तर लाउरेल गल्लीच धरा.

शेवटचा मुक्काम डोंगरातल्या एस्काराय गावात, एचाउरेन. हे १६९८ मध्ये घोडागाड्यांच्या टप्प्यावरचं विश्रामस्थान म्हणून सुरू झालं. मारिसा सांचेझ यांनी इथे आयुष्यभर घरगुती रिओहा जेवण रांधलं, १९८७ मध्ये त्यांना राष्ट्रीय पाककला पुरस्कार मिळाला. त्यांचा मुलगा फ्रान्सिस पानिएगो याने त्याच इमारतीत दुसरं जेवणघर काढलं आणि दोन मिशेलिन तारे मिळवले. बजेट नसेल तर आईच्या बाजूला बसा. मारिसाबाईंच्या हातच्या क्रोकेतांसाठी लोक घाट चढून यायचे. बाहेरून कुरकुरीत, आतून इतक्या मऊ की काट्याने उचलताना सांभाळावं लागतं. बाई २०१८ मध्ये गेल्या, क्रोकेता अजून मेनूवर आहेत.